चौथ्या रिळातला हात

बाबांनी आयुष्यात एकच सिनेमा केला.
त्यात त्यांचा चेहरा नाही.

एरवी ते वीजमंडळात, मीटरांचे आकडे उतरवायचे.
म्हणून भटनागरनं गाठलं: महाडिक बाबू,
मेळ्यातला जनरेटर रात्री नुसताच घुमतो,
आपल्याकडे वळवून द्या.
रोजचे बारा रुपये. चहा वेगळा.
हा भटनागर लग्नांचे फोटो काढायचा.
लग्न असो की भूत, म्हणायचा,
लाइट चेहऱ्यावर, पब्लिक गप्प.

मुरारचा बंद पडलेला बर्फाचा कारखाना.
जानेवारी. भिंतींना अजून अमोनियाचा वास.
कवटी मेडिकल कॉलेजची, एका रात्रीच्या बोलीनं,
हडळीचे केस टांगेवाल्याच्या घोड्याचे,
रक्त म्हणजे पाटणकर बाजारातलं गुलाबाचं सरबत,
त्यात मैदा आणि चिमूटभर कात.
थंडीनं ते गोठून बसायचं, वाहायचं नाही,
शॉटआधी स्टोव्हवर धरावं लागे.
स्टोव्ह एकच होता.
हे लक्षात ठेव, बाबा म्हणाले.

पोस्टरवर तिचं नाव मिस रूही.
घरचं पुष्पलता कुशवाह, भिंडची.
पैसे घेताना सही करायची सावकाश,
एकेका अक्षरापाशी थांबत.
कथेत तिला दोनदा ओरडून मरायचं होतं, बस्स.
मग आग्र्याचा वितरक आला,
गजक खात खात तयार रिळं पाहिली
आणि म्हणाला, भूत ठीक आहे,
बाई कोरडी आहे.

अशी कथेत आंघोळ आली.
बर्फाच्या कारखान्यात कोण आंघोळ करतं
हे कुणी विचारलं नाही.
पांढरी साडी, वरून पाणी,
पाणी ओतायला शिडीवर बाबा,
उंच होते म्हणून.
स्टोव्हवर रक्त.

पहिली बादली फोकसमध्ये आली नाही.
दुसरीला जनरेटर खोकला.
तिसरीला ती नीट शहारली नाही, असं भटनागर म्हणाला.
धीरे डालो बाबू, धार दिसली पाहिजे.
सहाव्या बादलीला ती नीट शहारली.
तरी अजून एक. सेफ्टीसाठी.

हे त्यांनी आईला कधी सांगितलं नाही.
मला सांगितलं, तेही मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर,
डोळ्यांवर पट्टी असताना.
म्हणाले, तिनं एकदाच वर पाहिलं.
काही बोलली?
म्हणाली, बाबूजी, एकदम डालो. धीरे-धीरे मत.

‘प्यासा बर्फखाना’ मार्चमध्ये लागला,
लष्करातल्या एका टॉकीजला, सकाळी साडेनऊ,
फक्त प्रौढांसाठी.
बाबा शेवटच्या रांगेत, मार्चातही मफलर.
मुखवट्याला लोक हसले. कवटीला शिट्ट्या.
केसांना कुणीतरी ओळखलं:
अरे, ये तो कल्लू का घोड़ा!
मग चौथं रीळ. ती उभी राहिली,
हॉलभर ओठ शिट्टीला गोल झाले,
आणि फ्रेमच्या वरच्या कडेतून
एक हात उतरला.
बादलीचा काठ, मनगटावर एचएमटी,
अंगठ्यावर वीजमंडळाच्या शाईचा डाग.
कापायचा राहून गेला होता.

शिट्टी वाजली नाही.
पुढच्या बाकावर कुणी किंचाळलं, मग बाल्कनी,
मग एक मोठा माणूस चपला सोडून बाहेर पळाला.
सगळ्या सिनेमात लोक भ्याले ते तेवढंच,
घाई नसलेल्या त्या हाताला.
तो ओतत होता, हळूहळू,
सांगितलं होतं तसं.

मी तेव्हा चार वर्षांची.
त्यानंतर घड्याळ त्यांनी कायम उजव्या हातात बांधलं.
मला आंघोळ घालताना
पाण्यात कोपर बुडवून पाहायचे, दोनदा,
आई ओरडायची, शाळेला उशीर होतोय.
मग म्हणायचे, मीट डोळे,
आणि अख्खी बादली एकदम.

मला वाटायचं, हा आमचा खेळ आहे.